रविवारी चादर मिळणार नाही

मैत्रिणींनो, तुमच्या गावची बाजारपेठ कुठल्या वारी बंद असते? प्रश्न ऐकून तुमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या बायका चटकन उत्तर देतील आणि लेकी-सुना एकमेकींकडे बघत राहतील. एके काळी हे वार आपल्याला सणावारांसारखे पाठ असायचे. दादरला सोमवारी खरेदीला जायचं नाही, हे मुंबईच्या बाईला सांगावं लागत नसे. लग्नाचा बस्ता बांधायचा तर आधी बाजाराचा वार बघायचा आणि मग बाकीच्या गोष्टी!

आता मी सांगते ते ऐकून तुम्हांला गंमत वाटेल. मी राहते तिथे आजही दर रविवारी बाजार बंद असतो, आणि तोही कायद्याने. बरं, हे काही आडगाव नव्हे. न्यूयॉर्क शहराच्या अगदी शेजारी, हडसन नदीच्या पलीकडच्या तीरावर, न्यू जर्सी राज्यात बर्गन नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपला जिल्हा म्हणा, पण आकाराने आपल्याकडच्या तालुक्याएवढा. वस्ती साडेनऊ लाखांच्या वर, आणि एवढ्याशा जागेत ७० गावं! प्रत्येकाची नगरपालिका वेगळी, महापौर वेगळा, मानपान वेगळे. एका गावातून दुसऱ्यात कधी शिरलो ते कळत नाही, पण कचऱ्याची गाडी कुठल्या वारी येते ते मात्र रस्ता ओलांडला की बदलतं.

१९३१ साली नदीवर जॉर्ज वॉशिंग्टन पूल झाला आणि इथली शेतं मोडून घरं उठायला लागली. आमच्याजवळचं पॅरामस हे गाव पूर्वी सेलरी नावाच्या भाजीसाठी नावाजलेलं होतं. १९५७ साली तिथे दोन प्रचंड मॉल उघडले आणि त्या गावाचं नशीबच पालटलं. न्यू जर्सीत साध्या कपड्यालत्त्यावर विक्रीकर नाही, इतर बऱ्याच वस्तूंवर तो ६.६२५ टक्के आहे. त्यामुळे शनिवारी न्यूयॉर्कहून लोक गाड्या भरभरून कपडे घ्यायला येतात. गावातून दोन हमरस्ते जातात, चार नंबरचा आणि सतरा नंबरचा. शनिवारी दुपारी त्या रस्त्यांवर अडकलात तर घरून निघताना लावलेलं विरजण परत येईपर्यंत लागलेलं असेल!

आणि रविवारी? तेच रस्ते मोकळे. मॉलच्या भोवतालचं गाड्या लावायचं भलंमोठं मैदान रिकामं. कोणी बाप पोराला सायकल शिकवतोय, कोणी बायकोला गाडी शिकवतोय. (दुसऱ्या प्रकारात आरडाओरडा जास्त असतो.)

कायदा काय म्हणतो ते सांगते, कारण त्यातली बारीकसारीक गंमत आपल्यासारख्या संसारी बाईलाच कळेल. १९५९ साली न्यू जर्सी राज्याने ठरवलं की रविवारी पाच प्रकारचा माल विकायचा नाही: कपडे, इमारतीचं लाकूड-सामान, फर्निचर, घरातली किंवा कचेरीतली सजावट-बिछायत, आणि घरगुती किंवा कचेरीतली यंत्रं. मात्र ही बंदी हवी की नको, ते प्रत्येक काउंटीने मतदान करून ठरवायचं. राज्यात काउंटी एकूण २१. एकेक करत बाकी सगळ्यांनी बंदी सोडून दिली, आणि आज उरली एकटी बर्गन. पॅरामस गावाचा स्वतःचा नियम तर ह्याहूनही कडक आहे.

खाण्यापिण्याच्या वस्तू, औषधं, पेट्रोल, वर्तमानपत्र ह्यांना मनाई नाही. हॉटेलं चालू, सिनेमा चालू. म्हणजे रविवारी इडलीचे तांदूळ मिळतात, ते वाटायला मिक्सर मिळत नाही. पोराला ताप आला तर औषध मिळतं, त्याने अंथरूण खराब केलं तर नवी चादर मिळत नाही. काही मोठ्या दुकानांत किराणा आणि कपडा एकाच छपराखाली असतो, तिथे रविवारी कपड्यांच्या बाजूला दोरी बांधलेली असते. आपण पाव घेऊन दोरीपलीकडच्या ब्लाउजांकडे बघत बघत बाहेर पडायचं. भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुणीला मी हे दाखवायला नेते. सगळ्या हसतात, आणि बहुतेक जणी बाहेर आल्यावर म्हणतात, "पण बरंय गं हे एका परीने."

बरं कुणाला आहे आणि कुणाला नाही, हे मला रोजच दिसतं, कारण मी अशाच एका दुकानात काम करते. आमच्या गावच्या मुख्य रस्त्यावर चादरी, उशांचे अभ्रे, पडदे, टॉवेल, रजया असं विकणारं जुनं दुकान आहे. गावाचं आणि दुकानाचं नाव सांगत नाही, आमच्या मालकीणबाईंना आवडायचं नाही. त्या इटालियन वंशाच्या, वय सत्तरीच्या पुढे. दुकान त्यांच्या वडिलांनी काढलेलं. मुलं शाळेत जायला लागली तेव्हा हे म्हणाले, "घरात बसून कंटाळतेस, बघ काही जमतं का." म्हणून मी तिथे सकाळच्या चार तासांसाठी जायला लागले. मुलांची शिक्षणं झाली, लग्नं झाली, मी अजून जातेच आहे. पडद्याचं माप घेणं, चुण्यांना किती कापड जास्त लागेल ते सांगणं, ही कामं आता माझ्याकडे.

आमच्या मालकीणबाई देवभोळ्या आहेत, पण रविवारच्या बंदीबद्दल बोलताना त्या देवाचं नाव काढत नाहीत, गणित मांडतात. समजा, आठवड्याला शंभर चादरी खपतात. सातव्या दिवशी दुकान उघडलं म्हणून कोणी जास्त चादरी अंथरणार आहे का? त्याच शंभर सात दिवसांत वाटल्या जाणार. वर एका दिवसाचं वीजबिल, हिवाळ्यात गरम हवेचं बिल, आणि दोन माणसांची मजुरी. २०२५ साली न्यू जर्सीत कमीत कमी मजुरी तासाला १५ डॉलर ४९ सेंट होती, आमच्यासारख्या सहापेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानाला जरा कमी. मॉलमधल्या बड्या दुकानाला हा खर्च म्हणजे समुद्रातला तांब्या. लहान दुकानाला तो वर्षअखेरीचा नफा. आणि बडं दुकान रविवारी उघडलं की लहानाला बंद ठेवून चालत नाही, गिऱ्हाईक एकदा तिकडे वळलं की वळलंच. सगळ्यांचं एकदम बंद असलं तरच लहान दुकानदाराला पाठ टेकता येते.

हे गणित काही आमच्या मालकीणबाईंनी शोधून काढलेलं नाही. १९५० च्या दशकात हमरस्त्यांच्या कडेला मोठमोठी दुकानं रविवारीही उघडू लागली, तेव्हा गावातल्या जुन्या दुकानदारांनीच बंदीचा धोशा लावला होता. धर्म तोंडी लावायला होता, पानात मात्र धंदाच होता. आणि आज बर्गनच्या मतदारांना विचाराल तर धंदाही मागे पडलाय. लोकांना हवाय तो मोकळा रस्ता! मॉलच्या कराने पॅरामसच्या तिजोरीला मोठा हातभार लागतो, तेव्हा मॉल नको असं तिथे कोणी म्हणत नाही. फक्त सातव्या दिवशी आम्हांला आमच्या दारातून गाडी बाहेर काढू द्या, एवढंच मागणं. १९९३ साली बंदी उठवावी का म्हणून मतदान झालं, लोकांनी नको म्हटलं. २०१० साली राज्यपालांनी विक्रीकर वाढेल म्हणून बंदी काढायचं अंदाजपत्रकात सुचवलं, मग गुपचूप मागे घेतलं.

आता माझ्या एका मैत्रिणीबद्दल सांगते. आपल्याच सांगलीकडची. ती आमच्या शेजारच्याच गल्लीत राहते, पण नोकरी करते काउंटीच्या हद्दीपलीकडे, पॅसेइक काउंटीतल्या एका मॉलमध्ये, तयार कपड्यांच्या दुकानात. घरापासून गाडीने वीस मिनिटं, पण तिकडे रविवार हा सर्वांत गर्दीचा वार. बर्गनमधली दुकानं बंद, म्हणून आमच्याकडचे लोकही त्या दिवशी तिकडे धावतात! आमच्या गावाने स्वतःच्या दुकानातल्या बाईला सुट्टी दिली आणि शेजारच्या गावातल्या बाईचं काम दुप्पट केलं, असाही ह्याचा एक अर्थ होतो. मैत्रीण हे मला हसत हसत सांगते, पण सांगते.

कामाचे तास तिला आठवड्याआधी फोनवर कळतात. आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळते, नाही असं नाही. पण ती मंगळवारी. मंगळवारी घरात कोण असतं? नवरा कामावर, मुलगी शाळेत. बाई एकटी घरात बसून कपड्यांच्या घड्या घालते, म्हणजे दुकानात घालते त्याच! मुलीची मराठी शाळा रविवारी सकाळी. तिथल्या स्नेहसंमेलनात मुलगी दोनदा नाटुकल्यात होती, दोन्ही वेळा आईने ते फोनवर बघितलं. कामाची अडचण कुणाला सांगावी, तर दुकानातली साहेबीण म्हणते, रविवार नको असेल तर तास कमी होतील. अमेरिकेत दुकानातल्या नोकराला आठवड्याची सुट्टी द्यायलाच हवी असा देशभराचा कायदा नाही, आणि रविवारी काम केलं म्हणून दामदुप्पट मिळेल असंही नाही.

तिच्याकडे बघितलं की मला बर्गनच्या कायद्याचा खरा उपयोग कळतो. कायद्यात नाव आहे चादरीचं, पलंगाचं, मिक्सरचं. माणसाचं नाव कुठेच नाही. पण चादर विकायची नाही म्हटल्यावर चादर विकणारीला घरी जावंच लागतं. आणि एकटीला नव्हे, सगळ्यांना एकाच दिवशी. तेच महत्त्वाचं. सुट्टी एकटीची असली तर ती घड्या घालण्यात जाते. सगळ्यांची एकदम असली तर त्या दिवशी हळदीकुंकू होतं.

आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू नेहमी रविवारीच. संक्रांत कधी का येईना, पुढचा रविवार आमचा. ज्या आठवड्यात हळदीकुंकू ठेवायचं त्याच्या आधीच्या शनिवारी मी आमच्याच दुकानातून हात पुसायचे छोटे टॉवेल घेते, वाण लुटायला. मालकीणबाईंना पहिल्या वर्षी फार नवल वाटलं की एकाच घरात चाळीस टॉवेल कशाला लागतात! मी समजावून सांगितलं. तेव्हापासून जानेवारी आला की त्या स्वतःच गठ्ठा बाजूला काढून ठेवतात, आणि दर वर्षी एक टॉवेल आणि तिळगूळ त्यांनाही देते. इथल्या इतर लोकांचंही तसंच. गावची आग विझवणारी मंडळी बहुतेक स्वयंसेवक, म्हणजे आपापल्या नोकऱ्या सांभाळून बिनपगारी काम करणारी. बंबाच्या खर्चासाठी ती रविवारी सकाळी न्याहारीचा कार्यक्रम ठेवतात. धिरड्यासारखी गोड जाड पोळी ताटात वाढणारा माणूस म्हणजे आमचा नळदुरुस्तीवाला असतो, आणि गल्ल्यावर बसलेली असते दातांच्या डॉक्टरीणबाईंची मदतनीस. चर्चमधून कोरियन बायका रंगीत कपडे घालून बाहेर पडतात. मैदानावर पोरांचे फुटबॉलचे सामने. हे सगळं काही कायद्यामुळे होतं असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी माणसं मोकळी सापडतात हे खरं.

तरीही ह्या नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती मला आमच्या दुकानातल्याच एका गिऱ्हाइकाने दाखवली. ह्या बाई ज्यू, अगदी कर्मठ. आमच्या काउंटीत टीनेक, फेअर लॉन अशा गावांत त्यांची मोठी वस्ती आहे. त्यांचा विश्रांतीचा दिवस शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत. त्या वेळात पैशाला हात लावायचा नाही, गाडी चालवायची नाही. आठवडाभर नोकरी करणाऱ्या बाईला शनिवारी धर्माने मनाई आणि रविवारी सरकारने! पडद्याचं कापड बघायला त्या गुरुवारी संध्याकाळी धापा टाकत आल्या होत्या. म्हणाल्या, "मी माझा सब्बाथ पाळते, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुमचा कशाला पाळायला लावता?" मला उत्तर सुचलं नाही. त्यांच्या भावाचं पुरुषांच्या सुटांचं दुकान आहे. हिवाळ्यात शुक्रवारी चारलाच शटर खाली ओढायचं ते थेट सोमवारी वर. विक्रीचे दोन सोन्यासारखे दिवस दर आठवड्याला वाया.

ही तक्रार जुनी आहे. शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात फिलाडेल्फिया शहरातले काही ज्यू दुकानदार, तेही कपडे आणि घरसामानच विकणारे, हाच दावा घेऊन थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. १९६१ साली ते हरले. न्यायालयाने म्हटलं, कायदा धर्माचा नाही, सगळ्यांना एक सामायिक विश्रांतीचा दिवस मिळावा म्हणून आहे. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण सामायिक दिवस नेमका बहुसंख्यांच्या देवाचाच निघावा, ह्याला मी तरी योगायोग म्हणणार नाही. माझ्या मते दुकानदाराला शनिवार की रविवार एवढी निवड तरी द्यायला हवी. एक दिवस बंद ठेवा, कुठला ते तुम्ही ठरवा आणि पाटी लावा. मालकीणबाईंना हे पटत नाही. त्या म्हणतात, मग सगळे मॉल एका रात्रीत सब्बाथ पाळायला लागतील! त्यांचंही खोटं नाही.

अडीअडचणीला काय, असंही कोणी विचारेल. तर २०१२ साली ऑक्टोबरच्या शेवटी सँडी नावाचं चक्रीवादळ आलं, त्या वेळची गोष्ट. आमच्याकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. थंडी पडायला लागलेली, घर गरम होत नाही, फ्रीजमधलं सगळं फेकून दिलेलं. तेव्हा राज्यपालांनी ११ नोव्हेंबरच्या एका रविवारपुरती काउंटीतली बंदी उठवली, लोकांना रजया, शेगड्या, दुरुस्तीचं सामान घेता यावं म्हणून. तुम्हांला वाटेल सगळ्यांनी दुवा दिला असेल. छे! पॅरामसच्या महापौरांनी जाहीर विरोध केला. एवढ्या थंडीत रजई मिळू नये म्हणून भांडणारा माणूस म्हणून आम्ही तेव्हा नावं ठेवली. आमच्या दुकानात त्या रविवारी मेणबत्त्या लावून विक्री केली, कारण वीज आमच्याकडेही नव्हती. पाच तासांत रजयांची मांडणी रिकामी झाली. एवढी विक्री होऊनही मालकीणबाई पुढच्या रविवारी उघडायचं नाव काढेनात, हे मला विशेष वाटलं.

आता मात्र नव्या अडचणी आल्या आहेत, आणि त्यांच्यापुढे १९५९ चा कायदा म्हणजे उंबरठ्यावर आडवी ठेवलेली काठी. २०१९ साली आमच्याच काउंटीत ईस्ट रदरफर्ड इथे अमेरिकन ड्रीम नावाचा अवाढव्य मॉल उघडला. आत बर्फावर घसरायची टेकडी आहे, पाण्याचा बाग आहे. तो राज्य सरकारच्या जमिनीवर आहे, म्हणून काउंटीची बंदी आम्हांला लागू नाही असं म्हणत तिथे रविवारीही कपडे विकले जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये पॅरामसने ह्यावर कोर्टात दावा लावला. आमच्या गावचे दुकानदार ती बातमी पेपरातून कापून एकमेकांना दाखवत होते.

पण खरं सांगू? मला मॉलची तेवढी भीती वाटत नाही. भीती वाटते ती आपल्या सगळ्यांच्या हातातल्या फोनची. दुकानात बाई येते, चादर हातात घेऊन चुरगाळून बघते, सुताचा पोत विचारते, धुतल्यावर आटेल का विचारते. मी सगळं मन लावून सांगते. मग ती वेष्टनावरच्या आकड्यांचा फोटो काढते आणि "विचार करते" म्हणून जाते. तो विचार रविवारी चहा पिता पिता होतो आणि चादर दोन दिवसांत तिच्या दारात येऊन पडते. रविवारी आमच्या गल्लीतून सामान पोचवणाऱ्या गाड्या फिरतात त्यांना कुठलाच कायदा अडवत नाही. हात लावायला आमचं दुकान, पैसे द्यायला दुसरं! तुमच्याकडेही हेच चाललंय ना? तुमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याने महिनाअखेरीला उधारीवर साखर दिलेली असते, आणि पगार झाला की मोठी यादी जाते दुसरीकडे.

आणि आपल्याकडच्या सुट्टीचं काय झालं ते तरी पुष्कळ जणींना माहीत नसतं. मुंबई राज्याच्या १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावं लागे. ते वार आपल्याला पाठ होते ते ह्याच कायद्यामुळे. महाराष्ट्रात २०१७ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. दुकानं आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवायला मोकळीक मिळाली, मात्र प्रत्येक नोकराला आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी द्यायची अशी अट घातली. ऐकायला बरं आहे. पण तो कायदा केला तेव्हा दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या दुकानांसाठी. तुम्ही ज्या साडीच्या दुकानात गादीवर बसून वीस साड्या उलगडायला लावता आणि एकही घेत नाही, तिथे कामाला माणसं किती असतात? चार? पाच? त्या साड्यांच्या घड्या परत घालणाऱ्या मुलीला पुढच्या वेळी विचारा, तुझी सुट्टी कोणत्या वारी? त्या दिवशी घरात कोण असतं?

आता थोडं घरातलं. रविवारी काही मिळणार नाही म्हटल्यावर यादी शनिवारच्या आत करावी लागते. आमच्या फ्रीजवर एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर दोन रकाने. एकात "शनिवारच्या आत" आणि दुसऱ्यात "थांबेल". पहिल्यात नातवाचे मोजे, गळकी बादली असलं काही. दुसऱ्यात जे जे बघून हवंसं वाटलं ते. दुसऱ्या रकान्यातली वस्तू लागोपाठ तीन शनिवार टिकली तर घ्यायची, मध्येच कुणाला तिची आठवण राहिली नाही तर खोडायची. गेल्या वर्षी अशा बावीस वस्तू खोडल्या. त्यांत एक दिवा होता, दोन नक्षीचे आरसे होते आणि ह्यांना हवी असलेली पाय दाबायची खुर्ची होती. (ह्यांचं म्हणणं, ती मीच त्यांच्या नकळत खोडली.) सूनबाईंनी हाच कागद फोनवरच्या खरेदीलाही लावलाय. रविवारी फोनवर काही मागवायचं नाही असं तिने आपण होऊन ठरवलं, मी सांगितलं नव्हतं. तिच्या मैत्रिणी तिला हसतात.

माझ्या त्या सांगलीकडच्या मैत्रिणीने मध्यंतरी विचारलं होतं, तुमच्या दुकानात जागा आहे का? पैसे थोडे कमी चालतील, पण रविवार हवा. मुलगी आता बारा वर्षांची झाली, अजून चार-सहा वर्षं आईला हाक मारेल, पुढे कोण विचारतंय, असं म्हणाली. मी मालकीणबाईंकडे शब्द टाकला. त्यांनी हिशेबाची वही माझ्यासमोर उघडली. डिसेंबरचे आकडे दाखवले, त्याच्या आदल्या वर्षीचे दाखवले. काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, संक्रांतीच्या टॉवेलांचा गठ्ठा ह्या वर्षी मोठा मागवू का, तुमच्या बायका वाढल्यात म्हणून.

दुकानाच्या भाड्याचा करार येत्या उन्हाळ्यात संपतो. घरमालकाने नव्या कराराचे कागद पाठवले आहेत आणि ते गल्ल्याच्या खणात पडून आहेत, त्यावर अजून सही झालेली नाही. मैत्रिणीला मी थांब म्हटलंय. कुणी बर्गनला येणार असाल तर सोमवार ते शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, आम्ही आहोत. चादरीला हात लावून बघा, माप मी काढून देईन.